भामाकाकीची करवंटी

भामाकाकीला दारात कुणी आलेलं खपत नसे, आणि कुणी आलं नाही तर ते मुळीच खपत नसे. मी कसालला नोकरीला होते. संध्याकाळी स्कूटर लावायची आणि दुधाचा डबा घेऊन तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहायचं. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "इलंस? आता बस." याचा अर्थ दूध इतक्यात मिळणार नाही. धार काढण्याआधी सुरंगीच्या अंगावरच्या गोचिड्या काढायचा कार्यक्रम असे, आणि त्या कार्यक्रमाला प्रेक्षक लागत. धामापूरच्या अलीकडच्या आमच्या वाडीत त्या वेळी मोकळा आणि दुधासाठी अडलेला प्रेक्षक मीच होते.

सुरंगी म्हणजे काकीची संकरित गाय. मुलगा गोव्यात कामाला, तो दोन वर्षांतून एकदा येई. एका खेपेला तो आला तो टेम्पोतून गाय घेऊनच. आईजवळ राहता येत नाही म्हणून माणसं मोबाईल देतात, याने गाय दिली. गाय मोठी, तांबूस, नाजूक. तिला ऊन सोसत नसे, माशा सोसत नसत, पाऊस तर नाहीच. गोठ्यात पंखा आला. वाडीने तिचं नाव 'मॅडम' ठेवलं. काकीने ठेवलेलं नाव सुरंगी, आणि ती हाक मारायची तेव्हा आवाज असा काही मऊ व्हायचा, की हीच बाई सकाळी पोस्टमनला 'मेल्या' म्हणाली होती हे पटू नये.

गोठ्यात दुसरी एक गाय होती, काळी. गावठी, बुटकी, कुणी न पुसलेली. तिच्या अंगावर शोधूनही गोचीड सापडत नसे. काकीकडे याचं उत्तर तयार होतं.

"गोचीड लागता ती गोड्या रगताक. काळयेचा रगत कडू. ही बघ, सुरंगी माझी! मानेखाली हात घालूक जागा नाय."

आलेल्या पाहुण्यांना ती सुरंगीचा कान उलटा करून दाखवायची. आत मण्यांसारख्या गोचिड्या बसलेल्या. इतर लोक मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवतात, काकी गोचिड्या दाखवायची. पाहुणे नाकाला रुमाल लावून "वा" म्हणत.

काढायची पद्धत अशी. एका हातात करवंटी, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी. एक हिसका, की गोचीड बाहेर. कधीकधी तिचं तोंड कातडीतच राहायचं, तिथे फोड यायचा, फोडावर माशा बसायच्या. काकी त्याला हळद लावायची आणि हिसका देतच राहायची. आणि निघालेल्या प्रत्येक गोचिडीचं ती बारसं करायची.

"हो ठेकेदार." राखाडी, टम्म फुगलेली गोचीड करवंटीत पडे. "रस्तो केल्यान? नाय. पोट बघ कसा झाला." मग दुसरी. "ही सोसायटीतली ती, गोड बोलणारी." मग त्या फुगलेलीच्या पोटाखालून एक चपटा, किरकोळ प्राणी निघे. "हो घोव. खाता कमी, हलता कमी, बायलेच्या पोटाखाली लपान रवता." हे मात्र तिने बरोबर हेरलं होतं. गोचिडीतला नर तसाच असतो आणि तिथेच राहतो.

एकदा एक बारीकशी गोचीड तिने बराच वेळ बोटावर धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"ही तू. रोज येतंस, पाव लिटर न्हेतंस, आनी जा म्हटला तरी हलना नाय."

मी पाव लिटर घेऊन हलले. दुसऱ्या दिवशी परत गेले. दूध चांगलं होतं, काय करणार.

एवढी मेहनत करून काकी गोचिड्या मारत मात्र नसे. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, चिरडत का नाही म्हणून. तिने कपाळाला हात लावला.

"तेंच्या पोटात रगत कोणाचा? गायचा. मी फोडलंय तर गायचा रगत माझ्या हाताक लागतला. सोमवार नाय, एकादस नाय, असल्या पापाक वार बघूचो लागना नाय."

त्यामुळे भरलेली करवंटी अहिंसेच्या मार्गाने रिकामी व्हायची. म्हणजे खळ्याच्या कडेला जाऊन, गडग्यापलीकडे.

आता गडग्याबद्दल सांगायला हवं, कारण काकीच्या आयुष्यात नवऱ्यानंतर तोच होता. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, मातीचुन्याशिवाय रचलेली भिंत. अलीकडे काकी, पलीकडे तिचे धाकटे दीर बाबीकाका. गडगा एक वीत अलीकडे हवा की पलीकडे, यावर दोघां भावांचं वाजलं. ते कोर्टात गेले. थोरला भाऊ देवाघरी गेला, तरी केस काही गेली नाही. कोर्टाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे एकही दगड कुणी हलवायचा नाही. हलवला की वकील लगेच म्हणणार, बघा, ह्यांनी कबूल केलं. गडग्याच्या फटीफटीत गवत माजलं, शेवाळ आलं, पण हात लावायची कुणाची छाती नव्हती. काकी म्हणायची, "घोवान माका दोन वस्तू ठेवल्यानी. एक हो गडगो नि दुसरी ती केस." बाबीकाकांचं नाव तिच्या तोंडी नसे. ते 'थयलो', म्हणजे पलीकडचा. फारच राग आला तर 'बाबयो'.

करवंटी उपडी करायच्या आधी ती गाऱ्हाणं घालायची. देवळात घालतात तसंच, खणखणीत, म्हणजे पलीकडे ऐकू जावं. आणि गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कुणी नसेल तर ते देवाला पोचत नाही, म्हणून ती जबाबदारी माझी.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी डबा धरून.

"जो कोण परक्याच्या जमिनीत वीतभर पाय पसरता, तेका ह्या गोचडीसारखो फुगव, नि फुगान फुगान खाली पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

आणि करवंटी उपडी. पलीकडे माडाला पाणी घालणारे बाबीकाका वर बघत नसत. ते फक्त वाकून पोटऱ्या खाजवत. बाराही महिने खाजवत. कुडाळहून मलम आणून झालं, पथ्य झालं, बांगडे सोडून झाले, आणि बांगडे परत धरूनही झाले. खाज काही जाईना. काकीला त्याचं फार समाधान होतं. "खाज तेका जल्माचीच आसा," ती म्हणायची.

एवढ्यावर भागलं असतं तर ती भामाकाकी कसली. गडग्यापलीकडचं गवत अलीकडच्यापेक्षा सरस होतं, कारण बाबीकाकांकडे जनावर नव्हतं. काकीने सुरंगीला गडग्याशी बांधायला सुरुवात केली. दावं इतकंच सैल की गाय अलीकडे उभी राहील आणि मान पलीकडे जाईल. तास तास सुरंगी मान लांबवून गडग्यावरचं आणि पलीकडचं गवत ओढायची. काकी पायरीवर बसून कौतुकाने बघायची. गोचिड्या निर्यात, गवत आयात. असा फायद्याचा व्यापार आपल्या वाडीत कुणाला जमला नाही, असं तिचं मत होतं आणि ती ते बोलूनही दाखवायची.

त्यात बाबीकाकांच्या कोंबड्या. त्या गडग्यावरून उडून यायच्या, सुरंगी बसलेली असली की तिच्या पोटाखाली शिरायच्या आणि गोचिड्या टिपून खायच्या. सुरंगी डोळे मिटून पडायची, इतकं तिला बरं वाटत असावं. देवाने फुकटात पाठवलेली मदत. पण ती मदत बाबीकाकांच्या खुराड्यातून आलेली! काकी काठी घेऊन धावली.

"बाबयाच्या कोंब्यांनी माझ्या सुरंगीचा रगत खावचा नि अंडी तेच्या घरात घालूची? तेचा पोट मी भरतलंय?"

मी म्हटलं, काकी, गोचिड्या कमी होतील की. ती म्हणाली, "होवच्यो नायत तर रवतल्यो. पण माझ्या गायचा रगत बाबयाच्या ऑमलेटात जावचा नाय." कोंबड्या गेल्या. गोचिड्या राहिल्या, आणि वाढल्या.

त्या वर्षी पाऊस लांबला. भातकापणीला सुरुवात झाली तरी गडग्यावर गवत कमरेएवढं होतं. सुरंगी गाभण होती आणि काकी तिला खिमट भरवत होती. एका संध्याकाळी मी गेले तर "आता बस" आलंच नाही. काकी गोठ्यात जमिनीवर बसली होती. सुरंगी उभी होती, पण मान खाली, कान पडलेले. तिचं मूत वाहून आलं होतं ते लाल होतं, कोकमाच्या आगळासारखं.

"रगत मुतता गो ती," काकी म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात कुणाचं बारसं नव्हतं.

ते फार वेळ टिकलं नाही. पंधरा मिनिटांत तिने निदान केलं, करणी. करणारा, थयलो. तिने देवळात कौल लावायला माणूस पाठवायचं ठरवलं. मी तोवर जनावरांच्या डॉक्टरला फोन केला होता.

डॉक्टर आली ती स्कूटरवर, पायात गमबूट घालून. रुखसाना डॉक्टर, बंदराकडच्या घरातली पोर, बापूस मासळीच्या धंद्यात. काकीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मासळीवाल्यांच्या घरातला चेडू गायचा काय सांगतला?"

"मासळीक गोचीड लागना नाय काकी, म्हणान हयसर इलंय," डॉक्टर म्हणाली आणि तिने सुरंगीची पापणी उलटी केली. आत गुलाबी असायला हवं तिथे पांढरंफटक होतं. हिरड्याही तशाच. अंग तापलेलं. तिने कानाच्या टोकाचं रक्त काचेवर घेतलं, मग सुई दिली, मग बाटली लावली. काकी करवंटी छातीशी धरून बघत राहिली.

"गोचीड तापच दिसता," डॉक्टर म्हणाली. "गोचीड रगत पिता पिता एक जंतू आत सोडता. तो रगतातल्या तांबड्या पेशी फोडता. ताच मुतातसून भायर येता. तुझ्या काळयेक कायएक होवचा नाय, ती हयलीच. ही घाटावरची, संकरित. हिका सोसना नाय."

"गोड्या रगताची ती," काकी पुटपुटली.

"रगत सगळ्यांचा खारटच आसता, काकी. काळी अंग चाटता, चामडी राठ, ती गोचडीक बसूकच दिना नाय. ही बसूक दिता." मग तिने ती करवंटी पाहिली. "काढलेल्या गोचिड्यो टाकतंस खंय?"

काकीने करवंटी पदराआड केली. मी गडग्याकडे बोट केलं. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं.

डॉक्टर गडग्याशी गेली, काठीने एक सुटा दगड सरकवू लागली. काकी ओरडली, "हात लावू नको! कोर्टाचो आसा!" पण दगड सरकलाच. खाली फटीत एक वाळून सुरकुतलेली गोचीड होती, आणि तिच्या तोंडासमोर तपकिरी, चकचकीत अंड्यांचा खसखशीसारखा ढीग. मग डॉक्टरने गवताचं एक पातं वाकवलं. टोकावर तपकिरी पूड लागली होती. तिने त्यावर श्वास सोडला, आणि ती सगळी पूड पुढचे पाय उचलून हलायला लागली.

"गोचडीचा पोट भरला की ती आपणच खाली पडता," डॉक्टर म्हणाली. "तिका इतक्याच व्हया असता. काळोखाची फट, अंडी घालूक. हजारांनी घालता नि मरता. पोरा गवताच्या शेंड्यार चढतत नि वाट बघतत, कोण श्वास सोडीत इला की चिकटूचा. तू त्येंका टाकलंस नाय, काकी. बाळंतपणाक म्हायेराक पोचवलंस. नि मगे गायची मान थयच नेऊन ठेवलंस."

काकीने सुरंगीच्या दाव्याकडे बघितलं, गडग्याकडे बघितलं. आयात-निर्यातीचा हिशेब तिला त्या क्षणी लागला असावा.

"नि तो ताप?" तिने विचारलं. "तो तरी थयल्यानच सोडल्यान ना?"

"तो गोचडीच्या अंड्यातसूनच पोरांत येता. आवस देता पोरांक. पोरांक कायएक करूचा लागना नाय."

यात मला नवल वाटलं नाही. आमच्या वाडीत खटलेही असेच चालतात. पोरं जन्माला येतात तीच केस घेऊन.

डॉक्टरने पुढचं सांगितलं. सुईने सुरंगी या खेपेला तरली तर तरली. पण रोज नव्या गोचिड्या चढत राहिल्या तर अशक्त जनावर टिकणार नाही, पोटातलं तर नाहीच. गडगा उतरवायला हवा. दोन्ही बाजूंचं गवत कापून जाळायचं, दगड भाजायचे, गोठ्यात आणि मातीत औषध मारायचं, आणि परत रचताना फटी चुन्याने बुजवायच्या. आणि हे दोन दिवसांत.

म्हणजे केस, किंवा गाय.

पुढचा तास मी विसरणार नाही. काकी आणि बाबीकाका एकमेकांशी बोलत नव्हते, पण त्याची सोय आमच्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. काकी गडग्याशी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "सुरंगे, तुझ्या काकाक सांग, गडगो उतरवूचो लागतलो. तुझ्या जिवाचा काम आसा."

पलीकडे पाण्याचा आवाज थांबला. बाबीकाका त्यांच्या माडाशी बोलू लागले. "माडा, तिका सांग, गडग्याक हात लावूचो तर आधी केस मागे घेवची. नि परत बांदताना बापाशीन आखलेल्या रेषेर बांदूचो. वीतभर तिच्या बाजूक." बाबीकाका काही संत नव्हते. समोरचा अडला की नाक दाबायचं, हे त्या घरात दोन्ही बाजूंना सारखंच मुरलेलं होतं.

सुरंगी तेव्हा खाली बसली, बसली म्हणजे कोसळलीच. काकीने तिच्या गळ्याखाली हात घातला, जिथे हात घालायला जागा नसते असं ती अभिमानाने सांगायची. मला वाटलं आता ती वकिलाला फोन करेल, किंवा देवाला तरी.

"घोव गेलो," ती म्हणाली. माझ्याशी म्हणाली की गायीशी, कळलं नाही. "गोव्यातलो झील येना नाय. हीच एक रोज माका हाक मारता. गडगो कधी हाक मारूक इलो माका?" आणि ती उठून गडग्यावर दोन्ही हात टेकून पलीकडे वाकली. आवाज फाटला होता.

"भावजी! घे तुझी वीत. घे, नि आधी कोयतो घेऊन ये!"

भावजी हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाबीकाकांनीही ऐकला नसावा, कारण त्यांच्या हातातला पाण्याचा पाईप खाली पडला. ते कोयता घेऊन आले. गवत कापताना डॉक्टरने त्यांच्या पोटऱ्या बघितल्या आणि ती हसली. बारीक बारीक लाल ठिपके. मलम कुडाळहून आलं होतं, खाज मात्र वहिनीकडून.

"वयनी," बाबीकाका कोयता थांबवून म्हणाले, "गाऱ्हाण्यात तू गोचडीसारखो फुगव म्हणतंस, ता मी ऐकी होतंय. पण ती करवंटीच ओततंस, ह्या माका ठावकच नाय होता!"

"पानी घालताना वर बघूचा," काकी म्हणाली.

गडगा उतरला. दगड भाजले. सुरंगी चार दिवस बाटलीवर होती, पाचव्या दिवशी तिने पेंढ्याची काडी तोंडात धरली. काकीने केस मागे घेतली. तिचा वकील फार हळहळला, असं तिनेच मला सांगितलं. "तेची खरी गाय गेली," ती म्हणाली.

यानंतर काकी सुधारली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती पुन्हा गोचिड्या काढायला बसली. फक्त आता करवंटीत साबणाचं पाणी असे. मी म्हटलं, काकी, पाप? "मी खंय मारलंय? मी आंघोळ घातलंय. तेंका पवाक येना नाय, ता माझा पाप?" कोंबड्यांना मात्र तिने पुन्हा मुभा दिली, एका अटीवर. दर आठवड्याला अंडी अलीकडे यायला हवीत. "रगत आमचा, अंडी आमची," हे तत्त्व तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

पुढे मी कुडाळला राहायला गेले, आणि काकी गेल्याचं मला फोनवरच कळलं. फार वाईट वाटलं. ती माझ्याशी एकही शब्द गोड बोलली नव्हती, आणि तरी संध्याकाळी हात आपोआप दुधाच्या डब्याकडे जात होता. तिला मी शेवटचं बघितलं ते कुडाळला निघायच्या आदल्या संध्याकाळी. सुरंगी व्याली होती. पाडी झाली होती, आईसारखीच नाजूक. काकीने खरवस केला होता, गुळाचा, आणि माझ्या हातात ताटली देऊन ती सवयीने गडग्याशी गेली. नवा गडगा चुन्याने गुळगुळीत झालेला, वीतभर अलीकडे सरकलेला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! माझी गाय, माझी पाडी सांभाळ रे म्हाराजा! नि जो कोण परक्याच्या जमिनीत वीतभर पाय पसरता..."

इथे ती थांबली. तिच्या लक्षात आलं असावं, की वीत आता तिनेच दिलेली आहे. माझं तोंड खरवसाने भरलेलं. गाऱ्हाणं मधेच लोंबकळत राहिलं, आणि तसं ते ठेवणं बरं नसतं. तेवढ्यात पलीकडून, माडाला पाणी घालता घालता, बाबीकाकांचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

शाप स्वतःवर होता, हे त्यांना ठाऊक होतं. पण गाऱ्हाणं अर्धवट राहू द्यायचं नसतं.

काकीने एक करवंटी उचलली, तिच्यात खरवसाचे तुकडे ठेवले आणि गडग्यावरून पुढे केली. बाबीकाकांनी ती घेतली, पण तोंडाशी नेली नाही. त्यांनी एकेक तुकडा बोटाने उलटा केला, खालून बघितला, करवंटी उजेडाकडे धरून कडा तपासली. काकी नव्या गडग्यावर कोपर टेकून हे सगळं बघत होती.

"बघतंस काय असो?" ती म्हणाली. "खा. तुझ्याच गवताचो आसा."

बाबीकाकांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि सवयीने वाकून पोटरी खाजवली.